मुकुटबन : छपरावरचे पाणी

वणीहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता कपाशीच्या काळ्या जमिनीतून जातो. मधूनच सागाचा विरळ पट्टा लागतो, पुन्हा तुरीची आणि सोयाबीनची शेते येतात. उन्हाळ्यात या रस्त्याच्या कडेची झाडे हिरवी दिसत नाहीत. कोळसा, चुनखडी आणि सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांची धूळ त्यांच्या पानांवर बसलेली असते आणि पहिला पाऊस येईपर्यंत ती तशीच राहते. माजरी, वणी, पिंपळखुटी, आदिलाबाद असा जाणारा रेल्वेमार्गही याच भागातून जातो. नांदेड-आदिलाबादकडून येणारी नंदिग्राम एक्सप्रेस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही वाट परिचित असेल. तालुक्याचे नाव झरी जामणी; पण आसपासच्या खेड्यांतील माणूस ‘बाजाराला जातो’ असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा मुकुटबन असते.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा हा मुलूख आहे. पैनगंगा ओलांडली की तेलंगण लागते. त्यामुळे बाजारात मराठीबरोबर तेलुगू ऐकू येते आणि पोडावरून आलेली कोलाम मंडळी आपसांत कोलामी बोलतात. जमिनीखाली कोळसा आहे, चुनखडी आहे. त्या चुनखडीच्या आधारावर वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना 2022 साली येथे सुरू झाला. गावाला त्यामुळे रोजगार मिळाला, भाड्याच्या खोल्या भरल्या, दुकानांतील उलाढाल वाढली. व्यापारी माणसाने हे आधी नोंदवायला हवे, कारण धुळीची तक्रार करणाऱ्यांपैकी अनेकांची चूल त्याच उलाढालीवर पेटते.

बाजारपेठेतील एका किराणा दुकानाच्या मागे राहणारे एक ओसवाल कुटुंब आहे. पणजोबा मारवाडातून आले, आजोबांनी कापसाची आडत केली, आता किराणा. घरात सात माणसे : दादाजी, दादी, मोठा मुलगा, सूनबाई, धाकटा अविवाहित मुलगा आणि दोन नातवंडे. नात सात वर्षांची, नातू तीन वर्षांचा. सूनबाई वाणिज्य पदवीधर असून दुकानाचे जीएसटीचे विवरणपत्र तीच भरते, मुलीचा अभ्यास घेते आणि सूर्यास्तापूर्वी चौविहाराचा स्वयंपाक आटोपते. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी नेमकी त्याच वेळी असते. त्यामुळे घरातील पुरुष आळीपाळीने मागे येऊन चार घास खाऊन जातात. अशा घराला पर्यावरणाचा विचार करायला वेळ मिळत नाही, असे म्हटले तर कोणी दोष देणार नाही. या घरात तो विचार शिरला तो नातीच्या दातांमुळे.

दुधाचे दात पडून मुलीचे पुढचे दोन कायमचे दात आले, तेव्हा त्यांवर खडूसारखे पांढरे पट्टे होते आणि एका दाताच्या कडेला फिकट तपकिरी डाग होता. चॉकलेट बंद झाले, दोनदा दात घासणे सुरू झाले, डाग तसाच राहिला. वणीच्या दंतवैद्यांनी पाहताक्षणी विचारले, “पाणी बोअरचं पिता का?”

यवतमाळ जिल्ह्याच्या या बाजूला, झरी जामणी, केळापूर, वणी, मारेगाव या तालुक्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आहे. खडकातील खनिजांतून ते पाण्यात विरघळते. पाणी जितके खोल आणि जितका काळ खडकात साठलेले, तितका धोका सामान्यतः अधिक. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकार्य मानले जाते, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. त्यापुढे दातांवर डाग पडू लागतात आणि प्रमाण फार वाढून वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधे आखडतात. दातांच्या बाबतीत धोक्याचा काळ म्हणजे जन्मापासून सुमारे आठ वर्षे वयापर्यंतचा, कारण कायमचे दात हिरडीच्या आत याच काळात घडतात. दात बाहेर आल्यावर पाणी बदलून डाग जात नाही. नातीच्या पुढच्या दातांचा हिशेब त्यामुळे बंद झाला होता. नातवाचे खाते मात्र उघडे होते.

दादीला हे पटवणे सोपे नव्हते. या घरात पाणी कधीच निष्काळजीपणे प्यायले गेलेले नाही. दुहेरी सुती गाळण्यातून गाळायचे, गाळण्यावर राहिलेले जीव त्याच स्रोतात हळुवार परत सोडायचे, मग पाणी उकळायचे. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच, ही उकळलेल्या पाण्याची मर्यादा दादीला तोंडपाठ आहे. “आपल्या घरचं पाणी वाईट कसं असेल?” हा तिचा प्रश्न रास्त होता. गाळण्याने डोळ्यांना दिसणारे आणि न दिसणारे पुष्कळ काही अडते, उकळल्याने रोगजंतू मरतात. पण फ्लोराइड हा विरघळलेला क्षार आहे. तो कापडातून आरपार जातो. उकळल्याने तर पाण्याची वाफ होऊन जाते आणि फ्लोराइड भांड्यातच राहते, म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढते. पिढ्यान्पिढ्यांची यतना येथे अपुरी पडत होती, आणि हे कबूल करणे दादीला जितके जड गेले तितकेच दादाजींनाही. घरच्या बोअरच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी पाठवला गेला. अहवालातील आकडा 1.5 च्या वर होता.

पहिला उपाय सर्वत्र होतो तोच झाला. भिंतीवर आरओचे यंत्र लागले. या यंत्राने फ्लोराइड बऱ्याच अंशी निघते, यात शंका नाही. महिन्याभराने धाकट्या मुलाने सहज म्हणून यंत्राच्या सांडपाण्याच्या नळीखाली बादली ठेवली, आणि व्यापारी घराला शोभेल अशी वही सुरू झाली. सात माणसांचे पिण्याचे व स्वयंपाकाचे पाणी माणशी पाच लिटर धरले तर दिवसाला 35 लिटर. घरगुती यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकते. म्हणजे रोज 105 लिटर, वर्षाला 38,325 लिटर मोरीत. त्या सांडपाण्यात आधीपेक्षा सव्वा-दीडपट दाट क्षार असतात, म्हणून ते गुरांना पाजता येत नाही आणि बागेला नेहमी घालणेही बरे नाही. लादी पुसायला व संडासात ओतायला ते चालते, परंतु रोज 105 लिटरने लादी पुसणार कोण? राष्ट्रीय हरित लवादाने 2019 साली अशा यंत्रांनी निदान साठ टक्के पाणी वाचवावे असे म्हटले होते. घराघरांत लागलेल्या यंत्रांना ते अजून बरेचसे ठाऊक नसावे.

जो तालुका मार्च उजाडताच टँकरची चौकशी करू लागतो, तेथे एका जैन घराच्या मोरीतून रोज तीन घागरींहून अधिक पाणी वाहावे, हे दादाजींना खटकले. पाण्याच्या थेंबालाही जीव मानणाऱ्या माणसाने आरोग्यासाठी एवढी हिंसा नव्याने ओढवून घ्यायची का, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. आणि सूनबाईचा प्रश्नही तितकाच सरळ होता : मग नातवाला काय पाजायचे?

फ्लोराइड काढण्याच्या इतर पद्धती नाहीत असे नाही. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने सत्तरच्या दशकात तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत विकसित केली, ती ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते. ज्या जिल्ह्याच्या नावाने ती ओळखली जाते तो आता तेलंगणात, आणि ती जेथे घडली ते नागपूर मुकुटबनपासून एका दिवसात जाऊन येण्याजोगे. पण तुरटीचे माप पाण्यागणिक बदलावे लागते, ढवळणे व निवळणे यांत वेळ जातो आणि खाली बसलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. सामुदायिक पातळीवर हे जमते. दोन लहान मुले आणि एक दुकान सांभाळणाऱ्या सूनबाईने रोज सकाळी तुरटी तोलत बसावे, ही अपेक्षा कागदावर शोभते.

मार्ग दाखवला तो दादीने, तोही तक्रारीच्या ओघात. तिच्या माहेरी, मारवाडात, पिण्यासाठी ‘पालर’ पाणी असे. पालर म्हणजे पावसाचे, जमिनीला न लागलेले. अंगणातल्या टांक्यात ते साठवीत. पावसाआधी टांक्याभोवतीचा आगोर झाडून लख्ख करीत, तेथे कोणी पायताण घालून जात नसे, आणि वर्षभर ते पाणी तुपासारखे जपून वापरीत. “इथं एवढा पाऊस पडतो आणि तुम्ही जमिनीतलं उपसता,” असे ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली.

विदर्भात आल्यावर या समाजाने अनेक गोष्टी जपल्या. पदार्थ, पागोटे, लग्नातील गीते. टांका मात्र कोणी आणला नाही, कारण येथे विहिरींना पाणी होते. ज्या भागात पाऊस तुटपुंजा, तेथील लोकांना तो साठवता येत होता. ज्या भागात तो साधारण 900 मिलिमीटर पडतो, तेथे येऊन ते साठवणे विसरले. पुन्हा वही उघडली गेली. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, एवढे सोपे हे गणित आहे. घराचे गच्चीचे छत 60 चौरस मीटर. 900 मिलिमीटर पावसाचे 54,000 लिटर. वीस टक्के गळती-बाष्पीभवनाला सोडले तरी 43,200. यंत्र मोरीत सोडते त्याहून हा आकडा थोडा मोठाच! ऑक्टोबर ते मे हे आठ महिने, म्हणजे 243 दिवस, रोज 35 लिटरप्रमाणे 8,505 लिटर लागतात. दहा हजार लिटरचा टांका पुरेसा होता.

मुकुटबनमध्ये हे गणित जितके सोपे, तितके काम सोपे नाही. येथील गच्चीवर आठ महिने धूळ बसते. बोट फिरवले तर करडी रेघ उमटते. अशा छपरावरचे पहिले पाणी टांक्यात गेले तर फ्लोराइड टाळून दुसरेच काही पोटात जाईल. म्हणून गच्ची दोनदा धुऊन घेतली, पन्हाळीच्या नळाला बगल देणारी दुसरी वाट काढली आणि पहिले काही पाऊस सरळ बाहेर सोडले. त्यानंतरही प्रत्येक सरीचे सुरुवातीचे पाणी वाहू द्यायचे, मगच टांक्याची चावी उघडायची, असा नियम ठरला. मध्ये वाळू, गिट्टी आणि कोळशाची गाळणी. आत शिरण्याच्या तोंडाशी दादीचे दुहेरी गाळणे. झाकण असे बसवले की प्रकाश व डास दोन्ही आत जाऊ नयेत. टांका बांधायला सिमेंटच लागले, ही गंमत दादाजी पाहुण्यांना आवर्जून सांगतात. चुनखडी भाजताना तिच्यातून कर्बवायू सुटतो, हे नातीने शाळेत शिकल्यावर तिने टांक्याकडे बोट दाखवून विचारले, “मग हा चांगला की वाईट?” त्या दिवशी उत्तर टाळले गेले.

पहिल्या वर्षी चूक झाली. जुलैतल्या एका दुपारी दुकानात माल उतरत होता, नातवाला ताप होता आणि चावी बदलायची राहिली. आठ दिवसांनी पाण्याला मातकट वास आला. सूनबाईने ते सगळे पाणी कपडे धुण्यात संपवले, टांका पुसून घेतला आणि पुढच्या पावसाची वाट पाहिली. व्यग्र घरातील चांगल्या संकल्पांचे असेच होते. सारेच एका माणसाच्या आठवणीवर उभे असतात आणि त्या माणसाला त्याच दिवशी दहा कामे असतात. आता चावीचे काम नातीकडे आहे. ढग आले की ती गच्चीवर जायला टपलेली असते. घरातील सर्वांत कमी व्यग्र माणूस ती आहे, हे उशिरा लक्षात आले.

टांक्याचे पाणी गाळून, उकळूनच प्यायले जाते. आता उकळण्याने बिघडण्यासारखे त्यात काही नाही, त्यामुळे दादीची प्रहरांची मर्यादा पुन्हा मानाने सुरू झाली. चव मात्र फिकी. दादाजी पहिले पंधरा दिवस “पाण्यात पाणी नाही” असे म्हणत होते. दंतवैद्यांच्या सल्ल्याने मुलांच्या आहारात दूध, दही, तीळ आणि आवळा वाढवला गेला आणि मोठ्यांचा दिवसातला तिसरा-चौथा चहा कमी झाला, कारण चहाच्या पानांतही फ्लोराइड साठलेले असते. दुकानात चहापत्ती विकणाऱ्या माणसाला हे पचायला वेळ लागला.

पाण्याची वही सुरू झाल्यावर कचऱ्याचीही झाली, पण तेथे यश बेताचे आहे. ओल्या कचऱ्याचे खत करावे म्हणून गच्चीवर पिंप ठेवले. तिसऱ्या आठवड्यात त्यात अळ्या झाल्या आणि दादीने अन्न सोडण्यापर्यंत गोष्ट आणली. उष्ट्यात दोन घटकांत, म्हणजे 48 मिनिटांत, सूक्ष्म जीव उत्पन्न होतात असे मानणाऱ्या घरात मुद्दाम कुजवणे कसे बसवायचे? शहरातील पर्यावरणप्रेमी मंडळींना हा पेच हास्यास्पद वाटेल. पण तो खरा आहे आणि त्याला हसून उत्तर मिळत नाही. शेवटी जुनीच रीत उपयोगी आली. ताट धुऊन पिण्याची सवय मुलांना लागली, त्यामुळे उष्टे जवळजवळ राहत नाही. भाजीची साले आणि देठ त्याच दिवशी शेजारच्या गोठ्यात जातात. एकच अट, प्लास्टिकचा तुकडाही त्यात जाता कामा नये. पिशवीत बांधलेल्या कचऱ्यासकट पिशवी गिळून गायी मरतात, हे पांजरपोळांना देणगी देणाऱ्या समाजाला वेगळे सांगायला नको.

आणि ती पिशवी येते कोठून? महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, देशभर 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरण्याच्या अनेक वस्तूंवर बंदी आली. मोठ्या मुलाने पातळ पिशव्या ठेवणे थांबवले. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली : पोडावरून येणाऱ्या बायका पूर्वीपासून धडप्यात धान्य बांधून नेत होत्या आणि तेलाला बाटली घेऊन येत होत्या. पिशवी मागत होते ते मोटारसायकलवरून येणारे पगारदार गिऱ्हाईक. जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून त्या दहा रुपये अनामतीवर द्यायला सुरुवात केली. काही परत आल्या, पुष्कळशा आल्या नाहीत. तोट्यात टाकायला हरकत नाही असे दादाजींनी ठरवले.

खरी अडचण पुड्यांची आहे. शाम्पू, मसाला, चहा, बिस्किटे, सगळे पाच-दहा रुपयांत. रोजंदारीवरून परतलेला माणूस म्हणतो, “शेठजी, आज पाचचंच द्या.” त्याला मोठा डबा घ्या म्हणून सांगणे हा उद्धटपणा ठरेल. या पुड्या बंदीच्या यादीत नाहीत. त्या अनेक थरांच्या असल्याने भंगारवाला घेत नाही. देशातील काही सिमेंटच्या भट्ट्यांत असे प्लास्टिक इंधनात मिसळून जाळतात, परंतु त्यासाठी ते वेगळे करून, वाळवून, ट्रकभर गोळा करून पोहोचवणारी साखळी लागते. एका दुकानदाराने ती उभी करावी हे शक्य नाही. तूर्त दुकानाबाहेर एक पोते टांगलेले आहे. गल्लीतली मुले रिकामी पुडी आणून त्यात टाकतात. पोते भरले की काय करायचे, हा प्रश्न तीन पोत्यांनंतरही शिल्लक आहे आणि तिन्ही पोती गोदामात, साखरेच्या थप्पीमागे उभी आहेत. घर अपरिग्रहाचे आणि गोदामात कचऱ्याचा संग्रह, असे सूनबाई थट्टेने म्हणते.

इतर सुधारणा किरकोळ. वाढदिवसाला थर्माकोलऐवजी पळसाच्या पत्रावळी आल्या. त्या पोडावरच्या बायकांकडून घेतल्या, आणि जेवण झाल्यावर गुरांनी खाल्ल्या. भद्रावतीला पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाताना घरचे पाणी स्टीलच्या बाटल्यांतून जाते. गच्चीवर सौर पॅनेल लावण्याचा विचार चालू आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78,000 रुपयांचे अनुदान मिळते आणि दुकानाच्या शीतकपाटाचे बिल पाहता आकडे जुळतात. पण या गावात पॅनेल वरचेवर धुवावे लागणार, आणि ते धुण्याचे पाणी कोणते, यावर बाप-लेकांत एकमत झालेले नाही. नातवाला रात्री बाजारची लंगोटीच घालतात. सूनबाईने ते लपवलेले नाही. तिला चार तास सलग झोप हवी होती.

यंदाच्या एप्रिलमध्ये टांक्यात हात बुडवून पाहिले तेव्हा पाणी गुडघाभर उरले होते. त्याचा एक नमुना फ्लोराइडसाठी आणि दुसरा जंतूंसाठी प्रयोगशाळेत गेला आहे, शिवाय धुळीतून आणखी काही उतरले आहे का तेही पाहायला सांगितले आहे. अहवाल यायचा आहे. तोपर्यंत आरओचे यंत्र भिंतीवरून काढलेले नाही, फक्त त्याचे बटण बंद आहे आणि त्याच्या नळीवर दादीने गाळणे वाळत घातले आहे. नात रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे पाहून येते. मृगाला अजून बरेच दिवस आहेत असे तिला सांगितले, तर ती म्हणते, “मग आधी झाडून तरी घेऊ या,” आणि तीन वर्षांचा भाऊ तिच्या मागे केरसुणी ओढत जिना चढू लागतो.